सैरंध्रीच्या मनोऱ्यावरून : सह्याद्रीच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्री, नवी दिल्ली
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राची अंतिम अधिसूचना काढण्याबाबत

स. न. वि. वि.

31 जुलै 2024 रोजी केंद्र सरकारने पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा, म्हणजे जिथे खाणी, मोठी बांधकामं अशा कामांवर बंदी येईल त्या पट्ट्याचा, मसुदा प्रसिद्ध केला. हा सहावा. पहिला मार्च 2014 मध्ये निघाला, मग सप्टेंबर 2015, फेब्रुवारी 2017, ऑक्टोबर 2018, जुलै 2022. दर खेपेला तीच तऱ्हा. मसुदा निघतो, हरकती मागवल्या जातात, राज्यं कुरकुर करतात, मुदत संपते, मसुदा रद्दबातल होतो आणि मग नवा येतो. आमच्याकडे जमिनीच्या व्यवहारात इसार देऊन ठेवायचा आणि खरेदीखताची तारीख पुढे ढकलत राहायचं, असं करणाऱ्या माणसाला गावात कोणी दारात उभं करत नाही. सरकारने हेच दहा वर्षं केलं तर त्याला 'प्रक्रिया सुरू आहे' म्हणतात.

सहाव्या मसुद्यावर हरकतींसाठी दिलेले साठ दिवसही केव्हाच सरले. म्हणून हे पत्र. ते तुम्हाला उद्देशून असलं तरी घाटाच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या सगळ्यांनी वाचावं, अशी इच्छा आहे.

मी सिंधुदुर्गात, घाटाच्या पायथ्याशी राहतो. थोडी काजूची बाग, थोडी सुपारी. बागेला पाणी येतं ते वरच्या रायीतून उतरणाऱ्या व्हाळाचं. हा व्हाळ पूर्वी शिमगा झाल्यावरही बरेच दिवस वाहायचा. आता पलीकडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चिऱ्यांच्या खाणी झाल्या आहेत. जांभा कापणारं यंत्र सुरू झालं की लाल धूळ सुपारीच्या झावळ्यांवर बसते आणि पहिला पाऊस पडला की व्हाळ गढूळ होऊन उतरतो. खाणीला परवानगी कोणी दिली, किती खोल खणायची, खणून झाल्यावर खड्डा कोण बुजवणार, हे विचारायला गेलं की एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतात. तेव्हा कोणी असा समज करून घेऊ नये की हे पत्र शहरात बसून जंगलाच्या आठवणी काढणाऱ्याचं आहे. माझं पोट या डोंगरावर आहे.

आता सायलेंट व्हॅलीबद्दल लिहितो, कारण हे सगळं लिहायचं ठरलं ते तिथे.

केरळच्या पालक्काड जिल्ह्यात, निलगिरीच्या नैर्ऋत्य कुशीत हे राष्ट्रीय उद्यान आहे. गाभा जेमतेम 89.52 चौरस किलोमीटरचा. स्वतःची गाडी मुक्काली या गावात ठेवावी लागते. तिथून पुढे वनखात्याच्या परवानगीच्या जीपनेच जायचं, सोबत वाटाड्या घ्यायचा, आणि दिवसाला ठरावीकच माणसं आत सोडतात. सुमारे तेवीस किलोमीटरचा कच्चा, खडबडीत रस्ता संपतो तो सैरंध्रीला. तिथे निरीक्षण मनोरा आहे. वर चढलं की चारही बाजूंना न तुटलेलं रान दिसतं आणि खाली कुंती नदी. तिकडे तिला कुंतीपुळा म्हणतात.

आमच्यासोबतचा वाटाड्या अट्टप्पाडीच्या आदिवासी वस्तीतला. हिंदी मोडकीतोडकी, पण झाड दाखवताना त्याला भाषेची गरज पडत नव्हती. वाटेत एका उंच झाडाखाली काटेरी, फणसाच्या बाळकुयरीएवढी फळं फुटून पडलेली होती. फळं फांदीच्या टोकाला येत नाहीत, जाड फांद्यांनाच चिकटून लगडतात. त्याने एक फोडलेलं कवच उचलून आतली रिकामी जागा दाखवली आणि वर बोट केलं. सिंहपुच्छ वानरांनी बिया खाऊन कवचं खाली टाकली होती. हे झाड कुलेनियाचं. वर्षाच्या काही महिन्यांत या वानरांची बरीचशी मदार त्याच्यावर असते. सिंहपुच्छ वानर जगात फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आहे. झाडाच्या शेंड्याशेंड्यांनी फिरणारा हा प्राणी सहसा जमिनीवर उतरत नाही. मध्ये रस्ता, धरण, चहाचा मळा आला की त्याचं जग तिथेच संपतं. वानरं काही दिसली नाहीत. जळवा मात्र मनसोक्त भेटल्या.

मनोऱ्यावरून वाटाड्याने नदीच्या अरुंद घळीकडे हात केला. धरण तिथे होणार होतं.

त्या घळीवर वीजप्रकल्पाची नजर 1928 पासून होती. 1973 मध्ये नियोजन आयोगाने मान्यता दिली. सुमारे 130 मीटर उंचीची भिंत, 120 मेगावॅट वीज, पाण्याखाली जाणारं जंगल सुमारे 830 हेक्टर. आकडा ऐकायला लहान वाटतो, आणि समर्थकही तेच म्हणत होते : एवढ्याशा जंगलाने काय होतंय? पण बुडणार होतं ते नदीकाठचं, खोऱ्याच्या पोटातलं रान. आणि धरण बांधायला येणारे रस्ते, वसाहती, जळाऊ लाकडाची तोड हे कुठल्याच आकड्यात धरलेलं नव्हतं.

यातला एक तपशील तुम्ही दोघांनीही लक्ष देऊन वाचावा. 1976 मध्ये केंद्राच्या पर्यावरणविषयक राष्ट्रीय समितीने झफर फतेहअली यांच्या नेतृत्वाखाली एक कार्यगट नेमला. कार्यगटाने सांगितलं, प्रकल्प सोडून द्या. पण त्याच अहवालात पुढे लिहिलं की सोडणं शक्यच नसेल तर या सतरा अटी पाळा. झालं. राज्य सरकारने पहिलं वाक्य बाजूला ठेवलं आणि सतरा अटी उचलल्या. 1979 मध्ये त्या अटी पाळण्याचा कायदाही करून टाकला. 'नको, पण करायचंच असेल तर असं करा' या शब्दांत सरकारला सल्ला दिला की सरकार त्यातलं सोयीचं तेवढंच ऐकतं. आज सहाव्या मसुद्यावर राज्यं जी घासाघीस करत आहेत, ती पाहताना मला त्या सतरा अटी आठवतात.

प्रकल्प थांबला तो मात्र भाबड्या भावनेने नाही. केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या माणसांनी, त्यांत बरेचसे शाळा-कॉलेजांतले मास्तर, विजेचा हिशेबच मांडला : मलबारला वीज हवीच आहे, पण ती दुसरीकडून कशी आणता येईल, या प्रकल्पातून कोणाला किती मिळेल. सुगतकुमारींसारख्या कवयित्री रस्त्यावर उतरल्या. सलीम अलींनी शब्द टाकला. एम. एस. स्वामीनाथन तेव्हा केंद्रात कृषी सचिव होते. ते तिथे जाऊन आले आणि त्यांनी सुचवलं की नुसती ही दरी कशाला, आसपासची राखीव वनं धरून 389.52 चौरस किलोमीटरचा एकत्र पट्टा राखा. शेवटी एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र आणि राज्य दोघांचे प्रतिनिधी असलेली समिती बसली. आपल्या पुण्याचे माधव गाडगीळ त्या समितीत होते. नोव्हेंबर 1983 मध्ये प्रकल्प रद्द झाला, 15 नोव्हेंबर 1984 रोजी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि सप्टेंबर 1985 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

इंदिरा गांधींच्या बाकीच्या कारकिर्दीबद्दल लोकांची मतं काहीही असोत, माझीही आहेत. पण इथे त्यांच्याच पक्षाच्या लोकांसकट राज्यातल्या बहुतेक राजकारण्यांना प्रकल्प हवा असताना त्यांनी नकाराच्या बाजूने कौल दिला. नकार कागदावर आला, सही झाली, विषय संपला.

म्हणजे, संपला असं वाटलं. पुढे विजेच्या खात्याने उद्यानाच्या हद्दीबाहेर, जवळपास हद्दीला चिकटूनच, पात्रकडवू इथे नव्या धरणाचा प्रस्ताव आणला. हद्दीच्या आत नाही ना, मग हरकत कसली? त्यावर पुन्हा वाद झाला आणि 2007 मध्ये केरळने उद्यानाभोवती सुमारे 148 चौरस किलोमीटरचं संरक्षक क्षेत्र जोडलं. गाभा राखून भागत नाही, आजूबाजूही राखावी लागते, हे कळून सही व्हायला तेवीस वर्षं लागली. आणि हे उशिरा झालं असलं तरी झालं. आपल्याकडे ते झालेलंच नाही.

सायलेंट व्हॅली आणि आपली राधानगरी, कोयना, चांदोली, कास ही एकाच यादीत आहेत. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या 39 स्थळांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात ती सगळी आहेत. राधानगरीचं दाजीपूर 1958 पासून अभयारण्य आहे, राज्यातलं सर्वांत जुनं. म्हणजे महाराष्ट्राला जंगल राखण्याची अक्कल केरळकडून उसनी आणायची गरज नाही. मग अडलं कुठे? माझ्या तक्रारी सांगतो.

पहिली तक्रार लपवाछपवीची. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी केंद्राने याच माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने, म्हणजे गाडगीळ समितीने, आपला अहवाल 31 ऑगस्ट 2011 रोजी मंत्रालयाला दिला. तो लोकांना वाचायला मिळाला मे 2012 मध्ये, तेही माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेल्यावर. त्या अहवालाचा गाभाच हा होता की ग्रामसभांना विचारा, त्यांच्या भाषेत सांगा, वरून लादू नका. तोच अहवाल लोकांपासून दडवून ठेवला. तेवढ्या महिन्यांत ज्यांना अफवा पसरवायच्या होत्या त्यांनी पसरवून घेतल्या. 'घर दुरुस्त करता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत, काजू लावायला परवानगी लागेल' हे मी माझ्या कानांनी चहाच्या टपरीवर ऐकलेलं आहे, आणि ते सांगणारा माणूस शेतकरी नव्हता.

दुसरी तक्रार त्याच्याच पोटातली. मसुद्यात बंदी कशावर आहे? खाणकाम, दगडखाणी, वाळूउपसा. नवे औष्णिक वीजप्रकल्प. लाल यादीतले, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणारे, नवे कारखाने. 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठी नवी बांधकामं आणि मोठ्या टाउनशिप. चालू खाणी पाच वर्षांत किंवा भाडेपट्टा संपेल तेव्हा, यांतलं जे आधी येईल तेव्हा, बंद करायच्या. जमिनीच्या मालकीला धक्का नाही, शेतीला नाही, जुनं घर दुरुस्त करायला नाही. आमच्या गावात 20,000 चौरस मीटरचं घर बांधणारा अजून जन्माला यायचा आहे. हे चार ओळींत, मराठीत, गावागावांत सांगायला किती खर्च आला असता? राजपत्रातली गावांची यादी आणि नकाशा शोधायला मला तालुक्याला एकाकडे जावं लागलं, आणि नकाशा असा की त्यात आमची वाडी कुठे ते ओळखणाऱ्याला बक्षीस द्यावं. हे ज्या माणसाने गावाला समजावून सांगायचं त्यालाच ते माहीत नव्हतं. त्याच्यावर मी राग धरत नाही. त्यालाही कोणी सांगितलेलं नव्हतं.

लोकांचा अविश्वास हवेतून आलेला नाही, हेही इथेच नोंदवतो. आंबोली, गेळे, चौकुळमध्ये कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न किती पिढ्या लोंबकळतो आहे, ते राज्य सरकारला चांगलं ठाऊक आहे. ज्याच्या पायाखालची जमीन सातबाऱ्यावर धड त्याच्या नावाची नाही, तो आणखी एका सरकारी रेषेला घाबरणारच. ती भीती दूर करण्याऐवजी तिच्या आड लपून 'स्थानिकांचा विरोध आहे' असं दिल्लीला कळवणं बरं नाही.

तिसरी तक्रार : जिथे मनात आलं तिथे तुम्ही झटपट निर्णय घेता. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी, मंदिराच्या पाण्यात एका छोट्या माशाची नवी जात सापडली आणि 2020 मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. 2021 मध्ये त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. उत्तम केलं, मनापासून कौतुक आहे. पण ती जागा 2.11 हेक्टर. मसुद्यात महाराष्ट्राचं क्षेत्र 17,340 चौरस किलोमीटर. मासा ज्या पाण्यात राहतो ते पाणी वरच्या डोंगरातून येतं, आणि डोंगराचा निर्णय अडकलेला. आंबोलीच्या सड्यावर, पहिल्या पावसाच्या डबक्यांत प्रजनन करणारा आंबोली बेडूक तर जगात याच टापूत आहे. सड्याला तुमच्या कागदांवर 'पडीक' म्हणतात आणि पडीक जागा म्हणजे खाणीला, रिसॉर्टला मोकळी.

आणि सिंधुदुर्गात तर पुष्कळसं रान खाजगी मालकीचं आहे. अभयारण्याची रेघ त्याला शिवतच नाही. दोडामार्गकडे डोंगरच्या डोंगर साफ होऊन रबर उभं राहिलं, ते वनखात्याच्या जमिनीवर नाही. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीवर बंदी आणायला 2013 मध्ये उच्च न्यायालयाला लागलं. त्याच पट्ट्यातून हत्ती आणि वाघ ये-जा करतात. अशा जागी संवेदनशील क्षेत्राचीच अधिसूचना उपयोगी पडते, दुसरं हत्यार हाताशी नाही. गाडगीळ समितीनंतर नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने क्षेत्र आधीच पुष्कळ कमी करून घाटाच्या सुमारे 37 टक्क्यांवर आणलं होतं. मसुद्यात ते 59,940 वरून 56,825 चौरस किलोमीटरवर आलं. आता त्यातूनही गावं वगळा म्हणून राज्यं मागे लागली आहेत. 2018 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने क्षेत्र कमी करू नका म्हणून बजावलं होतं, त्याची आठवण कोणाला आहे?

दरडींबद्दल मला फार लिहायचं नाही. माळीण, 30 जुलै 2014. तळीये, 2021. इर्शाळवाडी, 2023. वायनाड, 30 जुलै 2024, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख सहाव्या मसुद्यावर. प्रत्येक दरड खाणीमुळेच कोसळते असं मी म्हणणार नाही. पाऊस, उतार, मातीची जाडी, पाण्याच्या वाटा असं सगळं त्यात असतं. पण कोणता उतार कापू नये हे सांगणारा कागद दहा वर्षं टेबलावर पडून असेल, तर पुढच्या वेळी सांत्वनाला येताना तो सोबत आणावा.

आता मागण्या.

एक. सहाव्या मसुद्यावरच अंतिम अधिसूचना काढा. सातवा मसुदा नको. सगळी राज्यं एकदम तयार होत नसतील तर जे राज्य तयार आहे त्याची आधी काढा. महाराष्ट्राने आपण होऊन पुढे यावं, कर्नाटक काय म्हणतं याची वाट पाहू नये.

दोन. एखादं गाव वगळायचं असेल तर त्याचं कारण, ते कोणी मागितलं आणि त्या गावात कोणाच्या खाणींचे अर्ज प्रलंबित आहेत, हे तिन्ही एकाच तक्त्यात जाहीर करा. एवढं केलंत तरी वगळण्याच्या निम्म्या मागण्या आपोआप गळतील, असा माझा अंदाज आहे.

तीन. गावनिहाय नकाशा, सर्व्हे नंबरांसकट, मराठीत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. त्याच्या शेजारी 'काय बंद, काय चालू' याची एक पाटी. ग्रामसभेत वाचून दाखवणारा माणूस पाठवा, ज्याला प्रश्नांची उत्तरं देता येतील आणि जो चहा पिऊन लगेच उठणार नाही.

चार. अंतिम अधिसूचना निघेपर्यंत मसुद्यातल्या गावांत नव्या खाणींना, चिरेखाणींसकट, परवाने देणं थांबवा. मसुदा आणि अधिसूचनेच्या मधल्या फटीतच सगळी घाई होते.

पाच. जलविद्युत प्रकल्पांना मसुद्यात अटींवर मोकळीक आहे. उन्हाळ्यात नदीत निदान 30 टक्के प्रवाह राखायचा वगैरे. सायलेंट व्हॅलीचा सगळा झगडा ज्यावरून झाला तीच गोष्ट इथे अटींच्या हवाली आहे. निदान सदाहरित जंगल बुडवणाऱ्या प्रकल्पांना तरी अट नको, सरळ नकार लिहा.

सहा. संवेदनशील क्षेत्रात राहणाऱ्यांना त्याचा मोबदला दिसू द्या. रायी राखणाऱ्या खाजगी मालकाला दर हेक्टरी वार्षिक काही रक्कम द्या, नाहीतर रबरवाला देतोच आहे. वाटाडे आणि राखणदार गावातलेच नेमा, वर्षभराच्या पगारावर, हंगामापुरते नकोत. सैरंध्रीच्या वाटेवर मला ते दिसलं आणि त्या माणसाला आपल्या जंगलाबद्दल बोलताना पाहिलं तेव्हा हेवा वाटला.

सात. पावसाळी पर्यटनाला आकडा लावा. आंबोली घाटात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग, रस्त्यावर मोठ्याने वाजणारी गाणी आणि धबधब्याखाली प्लास्टिक, हे पाहून कोणालाच आनंद होत नाही, वडापाव विकणाऱ्यालाही नाही, त्याची गाडीही त्याच रांगेत अडकलेली असते. गाड्या खाली ठेवा, वर बस सोडा, माणसं मोजा. केरळला जमतं.

या सातांपैकी तीन आणि चारला दिल्लीची परवानगी लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र पुरतं. तेव्हा पहिलं उत्तर राज्य सरकारकडून अपेक्षित आहे, पुढच्या पावसाळ्याच्या आत. ते मला व्यक्तिशः पाठवू नका. मराठीत लिहा आणि मसुद्यात नाव असलेल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या सूचना फलकावर लावा, म्हणजे गावाला वाचता येईल आणि गावच तुम्हाला पुढचं विचारेल.

कळावे,

आपला,
सह्याद्रीच्या पायथ्याचा एक काजू बागायतदार
जि. सिंधुदुर्ग